ना हरकत पत्र सगळ्यात शेवटी

पत्र थोडक्यात: नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणारे तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचे सचिव आहेत. एक नवी कंपनी त्यांच्याकडे प्रयोगाचा प्रस्ताव घेऊन आली. ओहोटीच्या वेळी बार्जवरून खाडीत पांढरट द्रावण सोडायचं, तीन महिन्यांत एकूण २० टन मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. त्यामुळे पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेईल आणि 'शेकडो टन कार्बन' कमी होईल, असं माहितीपत्रकात लिहिलं आहे. जागा नकाशावर बोटाने दाखवली, लेखी दिली नाही. संस्थेला ३ लाख रुपये 'सहकार्य निधी' आणि चार होड्यांना रोजाचं भाडं मिळेल. बदल्यात लेटरहेडवर ना हरकत पत्र हवं. 'भारतात याला बंदी करणारा कायदा नाही, तुमचं पत्र म्हणजे फक्त शिष्टाचार,' असं कंपनीचं म्हणणं. शिकलेली पोरं म्हणतात, सही करा, मासळी तशीही राहिली नाही. म्हातारी माणसं म्हणतात, कारखान्यांनी केमिकल सोडून खाडी मारली, आता आपल्या हाताने सोडायचं का? महिनाअखेरीस सभा आहे. सचिव विचारतात: हे कायदेशीर आहे का? आणि नाही म्हटलं तर हवामानबदलाच्या कामात आपण आडवे आलो असं होईल का?

नमस्कार सचिवसाहेब,

जे पत्र फक्त शिष्टाचार असतं, त्याचे ३ लाख रुपये कोणी देत नाही. अशा प्रयोगांमागे बहुतेक वेळा कार्बन क्रेडिटची, म्हणजे हवेतून इतका कार्बन कमी केला अशा प्रमाणपत्रांची, विक्री असते. क्रेडिट घेणारा विचारतो, स्थानिक लोकांची संमती आहे का? पैसे गुंतवणारा तेच विचारतो. उद्या फाईल एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर गेली की त्याच्याही नजरेत आधी भरतो तो मच्छीमार संस्थेचा गोल शिक्का. ज्या विषयावर कायद्यात थेट कलम नाही, तिथे परवानगीसारखा दिसणारा कुठलाही कागद परवानगीचं काम करू लागतो. म्हणून तुमच्या पत्राला मोल आहे, आणि म्हणूनच ते सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. कंपनी ते सगळ्यात आधी मागते आहे. माझी पहिली हरकत या क्रमाला आहे.

'बंदी करणारा कायदा नाही' हे अर्धंच खरं. हवामान थंड राखण्यासाठी पृथ्वीच्या हवा-पाण्यात मुद्दाम आणि मोठ्या प्रमाणावर हस्तक्षेप करणं याला जिओइंजिनीअरिंग म्हणतात. त्याची दोन घराणी आहेत. एक सूर्याचा प्रकाश परतवू पाहतं, उदाहरणार्थ आकाशात खूप उंचावर गंधकाचे कण सोडून. दुसरं हवेतला कार्बन काढू पाहतं. तुमच्याकडे आलेला प्रयोग दुसऱ्या घराण्यातला, समुद्राची क्षारता (खारटपणा नव्हे, आम्लाच्या उलट असलेला गुण) वाढवण्याचा. यातल्या कशाचंही नाव घेणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही, इथपर्यंत कंपनी बरोबर आहे. पण विहिरीत काय काय टाकू नये याचीही पूर्ण यादी कुठल्या कायद्यात नसते. तरी विहीर नासवली की जाब द्यावाच लागतो.

तुमच्या खाडीवर आजच किती कायदे लागू आहेत ते पाहू. जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायदा १९७४ चं कलम २४ पाण्यात प्रदूषक पदार्थ जाणूनबुजून सोडायला मनाई करतं आणि राज्याने अधिसूचित केलेलं भरती-ओहोटीचं पाणीही त्यात धरलं जातं. कलम २५ प्रमाणे सांडपाणी किंवा उद्योगातला द्रव सोडणाऱ्याला राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी संमती लागते. कंपनी म्हणेल, आमचं द्रावण सांडपाणी नव्हे, ते पाणी सुधारण्यासाठीच आहे. हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. पण तो त्यांनी मंडळापुढे करावा, तुमच्या ओट्यावर नाही. मंडळाने लेखी मान्य केला, तर तो कागद घेऊन यावं.

सागरी किनारा क्षेत्र नियमन (सीआरझेड) अधिसूचना २०१९ नुसार खाडीचं पाणी आणि तळ हे सीआरझेड-४ ब मध्ये येतं. तिवरं, जिवंत चिखलपट्टा आणि अभयारण्य हे सीआरझेड-१ अ, म्हणजे सगळ्यात कडक वर्ग. हा विषय महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाचा आहे.

आता जागेचं. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य ऑगस्ट २०१५ मध्ये घोषित झालं, साधारण १,६९० हेक्टर, ऐरोली पूल ते वाशी पूल या टप्प्यात. २०२१ मध्ये त्याभोवतीचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा अधिसूचित झाला. २०२२ मध्ये अभयारण्य आणि हा पट्टा मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रामसर हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका. तो दर्जा स्वतः कोणाला अडवत नाही, खरी ताकद वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ ची. प्रयोगाची जागा अभयारण्याच्या आत असेल तर कलम २९ आड येतं: वन्यजीवांचा अधिवास बिघडवणारी किंवा पाण्याचा प्रवाह बदलणारी कुठलीही कृती मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय करता येत नाही, आणि ती कृती तिथल्या वन्यजीवांच्याच भल्यासाठी गरजेची आहे अशी शासनाची खात्री पटल्याशिवाय तो परवाना देता येत नाही. हवेतला कार्बन कमी करणं हे कारण त्यात बसवणं अवघड आहे. जागा वाशी पुलाच्या दक्षिणेला असेल तर गणित बदलतं. म्हणून बोटाने दाखवलेली जागा चालणार नाही. अक्षांश-रेखांश, तेही बार्ज उभा राहण्याच्या प्रत्येक ठिकाणाचे, लेखी घ्या. ओहोटीचं पाणी द्रावण कुठवर नेईल आणि पुढची भरती ते परत कुठे आणून टाकेल, त्याचाही नकाशा मागा. भरतीला बार्जची हद्द कळत नाही.

एक खरी पोकळीही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचना २००६ च्या यादीत जे प्रकल्प आहेत त्यांतल्या बऱ्याचशांना जनसुनावणी लागते. समुद्राची क्षारता वाढवण्याचा प्रयोग त्या यादीत नाही. म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाकडून सुनावणीची नोटीस निघेल, मग आपण जाऊन बोलू, असं धरून चालू नका. तुमची महिनाअखेरची सभा हीच एकमेव सुनावणी ठरण्याची शक्यता आहे.

जगात या विषयावर काय ठरलं आहे ते थोडं सांगतो, कारण त्यातली एक कसोटी तुमच्या थेट कामाची आहे. जैवविविधता कराराच्या सदस्य देशांनी, ज्यांत भारत आहे, २०१० मध्ये नागोयाला ठरवलं की पुरेसं विज्ञान आणि नियंत्रणाची व्यवस्था होईपर्यंत जिओइंजिनीअरिंग करू नये. अपवाद फक्त नियंत्रित परिस्थितीतल्या, आधी परिणाम तपासलेल्या छोट्या वैज्ञानिक प्रयोगांचा. हा ठराव न्यायालयात थेट बजावता येण्यासारखा नाही. समुद्रात पदार्थ टाकण्यावरच्या लंडन प्रोटोकॉलमध्ये २०१३ साली सागरी जिओइंजिनीअरिंगसाठी दुरुस्ती झाली. ती अजून अंमलात आलेली नाही, आणि भारत प्रोटोकॉलचा सदस्यही नाही. तरी तिच्यात खऱ्या संशोधनाची व्याख्या फार नेमकी केलेली आहे: प्रयोगातून किंवा त्याच्या निकालातून थेट आर्थिक फायदा होता कामा नये, आराखडा बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासलेला असावा, निष्कर्ष प्रसिद्ध व्हावेत. प्रयोगाला मदत करणाऱ्यांना मोबदला द्यायला मात्र तिची ना नाही. २०२३ मध्ये लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य देशांनी क्षारता वाढवण्याच्या तंत्राचं नाव घेऊन सांगितलं की खऱ्या संशोधनापलीकडची कामं तूर्त लांबणीवर टाकावीत. मे २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने आपल्या सल्लागार मतात नोंदवलं की एका प्रदूषणाचं दुसऱ्या प्रदूषणात रूपांतर करणारं सागरी जिओइंजिनीअरिंग संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या विरोधात जाईल. त्या कराराला भारताने १९९५ मध्ये मान्यता दिलेली आहे.

तेव्हा कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा: या २० टनांवर तुम्ही क्रेडिट विकणार आहात का? 'हो' म्हणाले, तर त्याला प्रयोग हे नाव शोभत नाही; तो धंद्याचा पहिला हप्ता आहे. 'नाही' म्हणाले, तर ते करारात लिहून घ्या. होड्यांचं भाडं घेण्यात काहीच वावगं नाही, तो कामाचा मोबदला आहे. ३ लाखांचा 'सहकार्य निधी' मात्र कोणत्या कामाचा, हे कुठेही लिहिलेलं नाही. तो संमतीचाच मोबदला आहे.

भारताने स्वतः असा प्रयोग केला आहे, हे सभेतल्या पोरांना जरूर सांगा. २००९ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी दक्षिण अटलांटिकमध्ये लोहसंयुग सोडून शैवाल वाढतं का ते पाहिलं. लोहाफेक्स हे त्याचं नाव. जहाज निघाल्यावर जर्मन पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली, काम अडलं, बाहेरच्या तज्ज्ञांकडून परीक्षण झालं आणि मगच लोह पाण्यात गेलं. त्या पाण्यात सिलिकेट कमी असल्याने हवं ते शैवाल फोफावलं नाही, जे वाढलं ते बारीक कवचधारी जीवांनी फस्त केलं आणि तळाकडे कार्बन फारसा गेला नाही. निकाल आशेच्या उलट होता आणि तरी तो उघडपणे मांडला गेला. कोणाला क्रेडिट विकायचं नव्हतं, म्हणून अपयश लपवायची गरज पडली नाही.

दुसरं उदाहरण तुमच्या फार जवळचं आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैदा ग्वाई बेटांवर ओल्ड मॅसेट नावाचं आदिवासी मच्छीमारांचं गाव आहे. समुद्रात लोह टाकलं की साल्मन मासा परत येईल आणि कार्बन क्रेडिटचे पैसेही उभे राहतील, असं गावाला सांगण्यात आलं. गावाने मतदान करून स्वतःचे जवळपास २५ लाख डॉलर त्यात घातले. २०१२ मध्ये सुमारे १०० टन लोहसंयुग समुद्रात टाकलं गेलं. पुढच्या वर्षी कॅनडाच्या पर्यावरण खात्याने छापा घातला, जगभर टीका झाली, आणि ज्यांना समुद्राची सर्वांत जास्त काळजी होती त्यांनाच खुलासे देत बसावं लागलं. मला या गोष्टीचं वाईट वाटतं, कारण गावाने ते हावरेपणाने केलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा, हे द्रावण तुमच्या खाडीत काय करेल? म्हाताऱ्यांची भीती समजण्यासारखी आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्याचं पाणी त्यांनी डोळ्यांदेखत बदलताना पाहिलं. पण 'केमिकल' या एका शब्दात सगळं घालू नका. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे पित्तावर घेतात ते पांढरं औषध, मिल्क ऑफ मॅग्नेशिया. कॉस्टिक सोड्यासारखं ते भाजत नाही, पाण्यात हळूहळू विरघळतं. खुल्या, खोल समुद्रात नीट पसरलं तर धोका कमी आहे. अमेरिकेतल्या वुड्स होल संस्थेने ऑगस्ट २०२५ मध्ये गल्फ ऑफ मेनमध्ये, किनाऱ्यापासून लांब, सुमारे ६५,००० लिटर सोडियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे कॉस्टिक सोड्याचंच, द्रावण सोडलं. ते कुठे जातं हे दिसावं म्हणून सोबत तांबडा रंग मिसळला. त्याआधी पर्यावरण संस्थेचा परवाना घेतला, लोकांच्या हरकती मागवल्या. तंत्र सगळीकडे वाईट आहे असं मी म्हणत नाही.

माझी शंका जागेबद्दल आहे. ठाणे खाडी उथळ, गढूळ, वरच्या टोकाला चिंचोळी, आणि तिच्यात शहरांचं सांडपाणी उतरतं. सांडपाण्याबरोबर अमोनिया येतो. त्याचा बराचसा भाग पाण्यात निरुपद्रवी रूपात असतो, थोडा विषारी रूपात. दोहोंचं प्रमाण पाण्याच्या पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा किती क्षारीय आहे ते सांगणाऱ्या अंकावर, ठरतं. २५ अंश तापमानाला पीएच ८ असेल तर विषारी वाटा साधारण ५ टक्के. तोच पीएच ९ झाला की वाटा ३० टक्क्यांच्या पुढे जातो. नवीन अमोनियाचा थेंबही न टाकता पाणी माशाच्या कल्ल्यांना जाचू लागतं. बार्जच्या आसपासच्या पट्ट्यात, उन्हाळ्यात, भांगाच्या दिवसांत जेव्हा पाणी कमी हलतं, तेव्हा हा धोका सगळ्यात जास्त. गल्फ ऑफ मेनच्या पाण्यात हा प्रश्न जवळजवळ नव्हता, म्हणून तिथला अहवाल इथे जसाच्या तसा चालणार नाही. कंपनीच्या कागदात 'अमोनिया' हा शब्द आहे का, आधी तेवढं शोधा. नसेल तर त्यांनी तुमच्या खाडीचा अभ्यास केलेला नाही.

दुसरा धोका न विरघळलेल्या कणांचा. ते चिखलावर बसले तर आधी झळ बसेल कालवं, तिसऱ्या, निवट्या यांना, म्हणजे ओहोटीला खाजणात उतरून पकडणाऱ्या तुमच्या बायकांच्या कमाईला. होडीवाल्यांना रोजाचं भाडं मिळेल, या बायकांना काय मिळेल ते प्रस्तावात कुठेच नाही. तिसरी गोष्ट अशी की एकाच जागी क्षारता फार वाढली तर पाण्यातला चुनाच दगड होऊन खाली बसू लागतो आणि त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड परत सुटतो. गढूळ पाण्यात तरंगणारे मातीचे कण या साखळीला बीज पुरवतात. घातलेलं द्रावण वाया, वर उलट परिणाम.

'शेकडो टनां'चा हिशोब तुम्ही स्वतः करू शकता. एक टन शुद्ध मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पूर्ण विरघळलं आणि पाण्याला हवेशी देवाणघेवाण करायला पुरेसा वेळ मिळाला, तर ते साधारण १.२ टन कार्बन डायऑक्साइड धरतं. २० टनांचे झाले २४ टन. एक सरासरी भारतीय माणूस वर्षाला साधारण २ टन सोडतो. म्हणजे बारा माणसांचं एका वर्षाचं. हे कमाल झालं. हे रसायन मॅग्नेसाइट दगड भाजून बनवलं असेल, तर नुसत्या दगडातून दर टनामागे पाऊण टन कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो, भट्टीचं इंधन वेगळं. २४ मधून १५ गेले, उरले ९. त्यातून भट्टी, ट्रक आणि बार्जचं डिझेल वजा करा. माल कुठला आणि कसा बनवला हे कागदावर मागा. पोत्यागणिक जड धातूंचा तपासणी अहवालही मागा, विशेषतः निकेल आणि क्रोमियमचा.

आणि हे ९ टन तरी मोजणार कसे? पाण्याने हवेतून कार्बन ओढायला महिने लागतात, तोवर ते पाणी मुंबई बंदराच्या बाहेर गेलेलं असतं. आपल्या खाडीचा पीएच दिवसरात्रीत, भरती-ओहोटीत, पावसाळ्यात आपोआपच इतका वरखाली होतो की २० टनांचा परिणाम त्यात बुडून जातो. मग विकला जातो तो संगणकाने काढलेला आकडा. म्हणूनच प्रयोगाच्या आधीच्या नोंदी, तेही किमान बारा महिन्यांच्या आणि त्यात एक पावसाळा धरून, नसतील तर नंतरच्या कोणत्याही आकड्याला आधार नाही. तुमच्या नुकसानीच्या दाव्यालाही नाही.

इथे तुमच्या शिकलेल्या पोरांचा खरा उपयोग आहे. त्यांना सही करायची घाई आहे कारण त्यांना काहीतरी व्हावंसं वाटतं. त्यांना काम द्या. ठरलेल्या चार जागा, उधाण आणि भांग दोन्ही दिवस, ओहोटीच्या त्याच टप्प्यावर, पीएच, तापमान आणि खारटपणा नोंदवायचा. कागदी पट्ट्या वापरू नका, त्या जेमतेम अर्ध्या अंकाचा फरक दाखवतात. हातातलं मीटर रोज पीएच ७ आणि १० च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या तयार द्रावणाने) लावून घ्यायचं. त्याची काचेची टोक सुकली की आकडा खोटा येतो, म्हणून ती कायम द्रवात ठेवायची. त्याच वहीत कोणत्या जाळ्याला काय आणि किती लागलं ते लिहायचं: जवळा, कोलंबी, बोय, चिंबोरी, सगळं. ही वही नुसती हौस नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल भागातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. अशा दाव्यात सगळा भार मासेमारी कुठे होत होती आणि किती बुडाली याच्या पुराव्यावर असतो.

मग करायचं काय? सरळ सही करणं मला चुकीचं वाटतं, कारणं वर आली. सरळ नकार देणं तुमच्या हक्कात आहे आणि तो दिला तर तुम्ही हवामानाचे वैरी ठरत नाही. तापणाऱ्या समुद्राचा मार तुम्हीच आधी खाता. त्यावरचा प्रत्येक उपाय तुमच्याच पाण्यात आधी करून पाहावा असं कर्ज तुमच्यावर नाही. पण नुसत्या नकाराने एक अडचण होते: कंपनी पलीकडच्या गावाकडे जाते. खाडी एकच आहे. म्हणून तिसरा रस्ता सुचवतो, लेखी उत्तर, प्रश्नांसह, आणि एकट्याने नाही. वाशीगाव, दिवाळे, सारसोळे, पलीकडे ट्रॉम्बे, भांडुप, जिथे जिथे संस्था आहेत त्यांना सभेआधी प्रस्तावाची प्रत द्या. कंपनीने गुप्ततेच्या कागदावर सही मागितली असेल तर ती करू नका.

पत्राचा मसुदा असा ठेवता येईल:

'आपला प्रस्ताव मिळाला. हे पत्र संमती किंवा ना हरकत नाही आणि तसा त्याचा उपयोग करू नये. पुढील कागद मिळाल्यावर संस्था विशेष सर्वसाधारण सभेत विचार करेल: प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश आणि प्रवाहाचा नकाशा, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि वन विभागाचा कांदळवन कक्ष यांची लेखी परवानगी, किंवा परवानगी लागत नाही असं त्यांचं लेखी उत्तर, मालाचा उगम आणि धातूंचा अहवाल, अमोनियासह परिणामांचा अभ्यास आणि त्याचं बाहेरच्या तज्ज्ञांनी केलेलं परीक्षण, प्रयोगावर क्रेडिट विकणार नाही अशी हमी, नुकसान झाल्यास भरपाईसाठी बँक हमी.'

'परवानगी लागत नाही असं लेखी उत्तर' हे शब्द गाळू नका. अधिकारी तोंडी 'याला काही लागत नाही' सहज म्हणतात; तेच सहीनिशी लिहायचं आलं की फाईल उघडून वाचतात. या पत्राच्या प्रती वर लिहिलेल्या कार्यालयांना आणि ठाण्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांना द्या, आवक शिक्का घेऊन. महिनाभरात हालचाल दिसली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांत, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न 'का' असा विचारू नका, कागद मागा: 'अमुक कंपनीच्या अमुक प्रस्तावावरील अर्ज, टिप्पणी आणि इतिवृत्ताच्या प्रती.' वैज्ञानिक बाजू समजून घ्यायला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं प्रादेशिक केंद्र मुंबईतच आहे, आणि ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र तर तुमच्या दाराशी आहे.

सगळे कागद आलेच, अभ्यास पटला आणि सभेचं मन झालं, तर करारात थांबण्याची अट आकड्यात लिहा. 'परिणाम दिसल्यास थांबवू' हे काही कामाचं नाही. बार्जपासून ठरलेल्या अंतरावर पीएच ठरलेल्या अंकाच्या वर गेला, किंवा मेलेली मासळी दिसली, की लगेच काम बंद, आणि ते बंद करायचा अधिकार संस्थेच्या माणसाच्या हाती. मोजमाप त्याच दिवशी संस्थेला मिळालं पाहिजे. खाजणात मासळी धरणाऱ्या बायकांचं प्रतिनिधित्व देखरेख समितीत हवं, निम्मं तरी. खाडीच्या आतल्या, चिंचोळ्या भागात हा प्रयोग कोणत्याही अटीवर होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. करायचाच तर मुखाबाहेर, खोल पाण्यात.

आणि कोणी न विचारता द्रावण सोडलंच तर? फोटो, वेळ, जागा, आणि झाकणबंद स्वच्छ बाटलीत पाण्याचा नमुना, तोही थंड ठेवून. त्याच दिवशी प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात कलम १४ खाली वाद न्यायचा तर कारण घडल्यापासून सहा महिने, भरपाईसाठी कलम १५ खाली पाच वर्षं मुदत असते. दोन्हींत पुरेसं कारण दाखवल्यास साठ दिवसांची सवलत मिळू शकते. नुकसानीची खात्री अजून झालेली नाही, या कारणाने न्यायाधिकरण हात झटकू शकत नाही: सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोर प्रकरणात सावधगिरीचं तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं आणि हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २० ने ते तत्त्व वापरणं बंधनकारकच केलं. नागोया आणि लंडनचे ठराव तुमच्या वकिलाला इथे उपयोगी पडतील.

सभेची नोटीस काढताना विषयपत्रिकेत 'आयत्या वेळचे विषय' यात हे ढकलू नका, स्वतंत्र विषय लिहा आणि प्रस्तावाची मराठी प्रत आधी वाटा. बायकांना सोयीची वेळ ठेवा, ओहोटीची नको. ठरावात कोण काय म्हणालं ते, विरोधाच्या मतांसह, नोंदवा. आणि ३ लाखांचा चेक आधीच हातात दिला असेल तर तो बँकेत भरू नका. पत्र लावून परत करा, पोच घ्या आणि तिची प्रत फाईलला लावा.